बॅग कोणाच्या हातात होती

ग्राहक क्रमांक चाळीस हजार आठशे सतरा.
तीन तारखेला, दुपारच्या सुस्तीत,
त्याने हेमांगी करकऱ्यांचा व्हिडिओ उघडला
आणि चौदा मिनिटं पाहिला, शेवटपर्यंत.
लोकमान्य नगरातल्या आपल्या हॉलमध्ये
बाई स्वतः गादीवर कुशीवर निजून सांगतात
कंबर कुठे खचते, खांदा कुठे रुततो.
मध्येच कुकरची शिट्टी होते, ती त्यांनी कापलेली नाही.
खाली आमची लिंक. त्याने दाबली.
तिथून तीस दिवस मोजायला सुरुवात.

मग पंचवीस दिवस काहीच नाही.
म्हणजे माझ्या पडद्यावर काही नाही.
त्याच्या घरी बोलणी झाली असतील,
मेव्हण्याने "कापसाचीच बरी" म्हणून नाक खुपसलं असेल,
पगार व्हायचा असेल.
अठ्ठावीस तारखेला रात्री अकरा चाळीसला तो परत आला,
गादी घेतली, पत्ता भरला,
आणि पैसे भरायच्या अगदी तोंडाशी
त्याला एक चौकोन दिसला: कूपन असल्यास लिहा.
रिकामा चौकोन माणसाला बघवत नाही.
तो कूपन शोधायला बाहेर गेला,
एका अशा दुकानात जिथे माल नसतो, नुसते कोड.
तिथला कोड चाललाही नाही.
पण परत येताना तो त्यांच्या दारातून आला.
सहा सेकंद.
अकराशे चव्वेचाळीस रुपये, त्या सहा सेकंदांचे.

नियम माझा नाही. टाइप मात्र मी केलाय,
विजयनगरच्या चौथ्या मजल्यावर, एसीखाली शाल गुंडाळून:
शेवटचा क्लिक ज्याचा, कमिशन त्याचं.

नाना सरवटे बसस्टँडवर उतारू धरायचे.
खंडव्याची बस लागली की दाराशी उभे,
चेहरे वाचायचे. दवाखान्यासाठी कोण, परीक्षेला कोण,
कोणाला खोली हवी आणि कोणाला नुसता नळ.
पोहे कुठे खावेत तेही सांगायचे, फुकट.
छोटी ग्वालटोलीतल्या लॉजवर पोचलं
की गंगवालजी वहीतून मान वर न काढता विचारत,
"बैग किसके हाथ में थी?"
दहा रुपये त्याला.
म्हणून नाना बॅग सोडत नसत,
कारण पायरीशी बिरजू उभा असायचा,
"लाओ भिया, हम चढ़ा दें."
चारच पायऱ्या होत्या.
नानांचा उजवा खांदा अजून खाली झुकलेला आहे.

आणि कोणी "सोच के आते हैं" म्हणून गेला,
दुसऱ्या दिवशी एकटाच आला,
तर गंगवालजी म्हणत, ये तो अपने आप आया.
आमच्याकडेही तसा एक रकाना आहे. त्याला "थेट" म्हणतात.
दर महिन्याला तोच सगळ्यात मोठा भरतो.

करकरे बाईंची मेल आली आहे.
भांडलेल्या नाहीत. एवढंच विचारलंय,
"माझं कुठे चुकलं ते कळेल का?"
मी ऑर्डर उघडली. अगदी तळाशी,
डिलिव्हरीवाल्यासाठी सूचना लिहायच्या ओळीत
त्या माणसाने लिहिलं होतं:
ताईंनी दाखवली तीच पाठवा, मध्यम कडक.

ती ओळ कमिशनचा हिशोब वाचत नाही.
ती टेम्पोवाला वाचतो.

मी "नियमानुसार" लिहिलं. खोडलं.
साडेसहा वाजले, परत तेच लिहिलं.

घरी नाना खांद्याला तेल चोळत बसले होते.
ही नोकरी त्यांनीच आणली होती,
बॅग उचलता उचलता कुठल्याशा उतारूने म्हटलं,
विजयनगरात एक नवी कंपनी मुली घेतेय,
त्यांनी ते तिकिटाच्या पाठीवर लिहून आणलं.
अर्जात प्रश्न होता: आमच्याबद्दल कोणाकडून कळलं?
वृत्तपत्र, मित्र, वेबसाइट, इतर.

मी "इतर" निवडलं होतं.